एकवीस ते अकरा

मुलुंड (पूर्व),
दि. १ एप्रिल २०२५

चि. रुचिरा हिस मामाचे अ. उ. आ.

मी, श्यामसुंदर वासुदेव धुरी, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विमा कंपनीत प्रस्तावांची छाननी करणारा अधिकारी, ‘अनुपम’ सोसायटीचा मानद सचिव आणि तुझ्या आईचा धाकटा भाऊ, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे : पाडव्याच्या पहाटे आवारातल्या रांगोळीचे जे झाले, ते कसे झाले, हे तुला क्रमाने कळावे. माझे नाव आणि नाते तुला ठाऊक आहे, याची मला कल्पना आहे. पण दोन दिवस तू फोन उचलत नाहीस, माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा ओळखीपासूनच सुरुवात केलेली बरी. मामी म्हणते, पोस्टाचे पाकीट बघून ती पोरगी आधी पुरातत्त्व खात्याला फोन करेल. तरीही पाठवत आहे.

आता क्रम. एकवीस मार्चला तू समितीकडे अर्ज दिलास. विषय लिहिला होतास, ‘गाझातल्या मुलांसाठी रांगोळी’. समितीने तो नाकारला. ‘सणाचा विषय सणाला साजेसा असावा’ हे वाक्य माझ्या अक्षरात होते, हेही मी नाकारत नाही. चोवीस तारखेला तू दुसरा अर्ज दिलास. त्यात विषयाचा रकाना तू मोकळा ठेवलास. प्रकार : ठिपक्यांची रांगोळी. मांडणी : एकवीस ते अकरा. मी सही केली. मला बरे वाटले होते. पोरीने ऐकले, असे मी मामीला म्हणालोही.

शनिवारी तू आणि तुझी मैत्रीण जान्हवी दुपारी चारपासून खाली होतात. साडेनऊला वर आलीस, जेवली नाहीस, आणि झोपलीस. पाडव्याला पहाटे पाचला मी गुढीची काठी धुण्यासाठी खाली गेलो. गेरूने सारवलेल्या चौकात ठिपके होते. सरळ, सारख्या अंतरावर, एकही पसरलेला नाही. मध्ये एकवीस, दोन्ही टोकांना अकरा. रेष एकही नाही. सात वाजता पाहुणे येणार, आणि रांगोळी अर्धवट. मला एवढेच वाटले की पोरी दमल्या. तुझ्या आजीने मला आणि तुझ्या आईला एकवीस ते अकराचे सहा पाकळ्यांचे कमळ शिकवले होते. हात ते विसरत नाही. मी काठी भिंतीला टेकवली आणि ठिपके जोडायला बसलो. साडेसहापर्यंत रंगही भरून झाले.

सात वाजता तू आणि जान्हवी छापून आणलेला फलक घेऊन आलात. त्यावर मोठ्या अक्षरांत होते, ‘हे ठिपके कृपया जोडू नयेत.’ तो फलक त्या गुलाबी-पिवळ्या कमळाशेजारी उभा राहिला आणि लोक हसले. ते हसणे मी ऐकले. तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलेस तीही मी पाहिली. त्यानंतर तू बॅग भरून तुझ्या मैत्रिणीकडे, क्षमाकडे, चेंबूरला गेलीस.

माझ्याकडून झाली ती चूक होती. हेतू नव्हता. हे मी लेखी देत आहे.

आता कामाचे. फलकाच्या खालच्या, गाझाचे नाव असलेल्या ओळी लोकांनी नंतर वाचल्या आणि सायंकाळपर्यंत तक्रार आली. अध्यक्ष यज्ञेश सामंत यांचे म्हणणे असे की सचिवाच्या भाचीने फसवून परवानगी घेतली. तेरा तारखेला सभा आहे. ‘गैरसमज झाला, पुन्हा होणार नाही’ अशा दोन ओळी तू लिहून दिल्यास तर विषय तिथेच मिटेल, आणि तू घरी येशील. तीन वर्षे तू या घरातून शाळेत शिकवायला जातेस. चेंबूरहून मुलुंडला रोज येणे तुला सोयीचे नाही.

लोभ होता तेवढाच आहे. तुझ्याकडूनही त्यात घट नसावी.

तुझा,
श्याममामा

ता. क. : मामी लिहिते आहे. रुचे, तुझा मामा काल कामावर जाताना दोन वेगळे मोजे घालून गेला. मी सांगितलं नाही. जाऊदे म्हटलं, कळूदे ऑफिसला.

०

चेंबूर,
४ एप्रिल २०२५

ती. मामास सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. क्षमाची आई सही करून घेताना घाबरली, कोर्टाची नोटीस आली समजून. तुझं अक्षर बघून मी सांगितलं, काकू, जवळजवळ तेच आहे.

मामा, मी लेखी काही देणार नाही. गैरसमज माझा नाही झालेला. अर्जात मी लिहिलं, ठिपक्यांची रांगोळी. तू वाचलंस, ठिपके जोडून काढतात ती रांगोळी. मी लिहिली होती ती ठिपक्यांची. ठिपके, बस. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. तू शब्दांचा एवढा पक्का माणूस, तुला षष्ठी विभक्ती मी शिकवायची का?

हो, चलाखी केली. करावी लागली. आधी सरळ विचारलं होतं ना, तेव्हा ‘साजेसा असावा’ आलं. सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत हे मलाही माहितेय रे. म्हणूनच काढली नाही. ठिपके ठेवले आणि थांबले. आजी म्हणायची ना, ठिपका ठेवला म्हणजे रांगोळी जन्माला आली, आता ती वाढवायची. ही मुलं वाढली नाहीत. मला दुसरं काही येत नाही, मामा. मला मोर्चात ओरडता येत नाही, पोस्ट लिहायला गेले की रडूबाई होते. हाताला ठिपका सरळ ठेवता येतो, तेवढंच येतं.

कसे ठेवले ते सांगते, कारण तू विचारलं नाहीस. तिथल्या आरोग्य खात्याने मेलेल्यांची यादी काढलीय. नाव आणि वय. पानंच्या पानं. त्यातली वयाच्या रकान्यात शून्य असलेली नावं आम्ही वेगळी काढली. शून्य म्हणजे पहिला वाढदिवस आला नाही. जान्हवी एकेक नाव मोठ्याने वाचायची, मी ऐकायचे आणि मग ठिपका ठेवायचे. नाव न वाचता एकही नाही. तीनशे एकतीस झाले तेव्हा चौक भरला. यादी संपली नव्हती. माझी पाठ मोडली आणि जान्हवीचा आवाज बसला.

दुपारी वॉचमनने विचारलं होतं, ताई, जोडणार कधी? तळमजल्यावरच्या नीलमकाकी चहा घेऊन आल्या, दोन मिनिटं जान्हवीचं वाचन ऐकलं, आणि चहा तसाच ठेवून आत गेल्या. कळायचं ते कळतं लोकांना.

आणि आता मुद्दा. ती यादी मी गेरूच्या डब्याखाली ठेवली होती, पसरून, चार पानं. सकाळी मला ती डब्याच्या झाकणात मिळाली. आधी उभी दुमडलेली, मग आडवी, कडेला कड लावून, वर नखाने ओढलेली रेघ. आख्ख्या मुलुंडात कागद असा घडी करणारा एकच माणूस आहे. तो लाइटचं बिलसुद्धा तसंच घडी करतो.

तू पत्रात सगळा क्रम लिहिलास. काठी कुठे टेकवली तेसुद्धा लिहिलंस. यादीचं नाही लिहिलंस.

सांग ना मामा. वाचली होतीस?

मामीला नमस्कार. मोजे बघून हसले, आणि मग हसल्याचा राग आला.

तुझी,
रुचिरा

०

बोरीवली,
६ एप्रिल २०२५

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद, आणि दोन शिव्या उधार.

पोरीने मला तुझ्या पत्राचा फोटो पाठवला. वाचताना मला वाटलं माझा क्लेम नामंजूर झाला. अरे, भाचीला पत्र लिहितोस की खुलासा? ‘हे मी लेखी देत आहे’ म्हणे. मेल्या, तुझा लग्नाचा होकारही तू लेखीच दिला असशील कुंदाला.

मला तिचं सगळं पटतं असं नाही. पाडव्याच्या दिवशी मेलेल्या लेकरांची नावं, हे माझ्याही पोटात गोळा आणतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, आई, गोळा यायलाच हवा. पण तुझं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आठवतं का, चित्रकलेच्या परीक्षेसाठी मी समुद्र काढला होता आणि आभाळ कोरं सोडलं होतं? मी दळण आणायला गेले आणि परत येईपर्यंत तू आभाळ निळं करून ठेवलं होतंस. आठ वर्षांचा होतास. मी रडले तर तू म्हणालास, ताई, अर्धं राहिलं होतं. अर्धा काम बघूक तुका कधी जमलाच नाय.

तेव्हा मी तुला मारलं नाही, कारण तुला खरंच कळलं नव्हतं. या वेळचं मला ठाऊक नाही. ते तुझं तुला ठाऊक. ठाऊक असेल तर पोरीला सांग. ती तुझ्यावरच गेली आहे, खोटं चालेल पण अपुरं चालणार नाही तिला.

काकडीचं लोणचं केलंय. भांडण मिटेपर्यंत मिळणार नाही.

तुझी ताई,
प्रेमा

०

मुलुंड (पूर्व),
दि. ८ एप्रिल २०२५

चि. रुचिरा हिस अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. मी यादी वाचली होती.

पहिल्या पत्रात ती बाब मी गाळली. विसरलो नव्हतो. ते पत्र तीनदा लिहिले, आणि तीनही वेळा त्या जागी आल्यावर पुढच्या वाक्यावर गेलो. माझ्या हाताखालच्या माणसाने असा अहवाल दिला असता तर मी तो परत केला असता. म्हणून आता जे झाले ते पूर्ण लिहितो.

पहिल्या तीन पाकळ्या मी काहीही ठाऊक नसताना काढल्या. त्याबद्दल पहिल्या पत्रात लिहिले ते अक्षरशः खरे आहे. चौथ्या पाकळीपाशी सारवण पुसले गेले म्हणून मी गेरूचा डबा उचलला. खाली कागद होते. हातात घेतले, सवयीने वाचले. नावे इंग्रजी लिपीत होती, आणि पुढे वयाचा रकाना. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य.

रुचिरा, आमच्या कार्यालयात वयाचा रकाना कोणी भरला नाही तर यंत्र तिथे आपोआप शून्य छापते. असे प्रस्ताव मी एकतीस वर्षे ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारून परत पाठवत आलो आहे. त्या पहाटे माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच : वये भरायची राहिली आहेत. तुझे पत्र वाचेपर्यंत मी तसेच समजत होतो. तुझे ते वाक्य, शून्य म्हणजे पहिला वाढदिवस आला नाही, मी स्वयंपाकघरात उभा राहून वाचले. मामीने विचारले काय झाले, तेव्हा मी तिला कागद दिला. तिने वाचला आणि गॅस बंद केला.

एवढे लिहून थांबलो असतो तर हेही चुकीतच जमा झाले असते. पण वये समजली नाहीत तरी नावे समजली. ती कुठली आहेत, हे कळायला मला पाव मिनिटही लागले नाही. नाकारलेला विषय तू ठिपक्यांतून परत आणला आहेस, हे मला चौथ्या पाकळीआधी ठाऊक झाले होते. ठिपके का जोडलेले नाहीत, तेही साधारण उमगले. मी उठू शकत होतो. तुला वर येऊन उठवू शकत होतो. निम्मे जोडलेले, निम्मे मोकळे, असेही राहिले असते.

मी कागदांची घडी केली, झाकणात ठेवली आणि हात भरभर चालवला. सामंत साडेसहाला फेरीला येतात. त्यांनी येऊन कमळ पाहावे, एवढेच माझ्या डोक्यात होते. त्यांनी पाहिले. म्हणाले, वा धुरी, झकास. मला त्या शब्दाचा आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

तेव्हा तीन पाकळ्या ही माझी चूक. उरलेल्या तीन मी केल्या. पहिल्या तिन्हींसाठी मी तुझी क्षमा मागतो. दुसऱ्या तिन्हींसाठी मागण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

दोन ओळी लिहून देण्याची माझी सूचना मागे घेतो.

लोभ राहावा असे म्हणावेसे वाटते; म्हणण्याची हिंमत आज थोडी कमी आहे.

तुझा,
श्याममामा

०

चेंबूर,
११ एप्रिल २०२५

मामास सा. न.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. काय लिहू ते कळत नाही, म्हणून थोडंच लिहिते.

मी तुला इतकी वर्षं बघतेय. तू चुकलास असं तू मोठ्याने म्हणालेलं मला आठवत नाही. एकदा चहात मीठ घातलंस तेव्हाही म्हणालास की डब्यावर नाव नव्हतं. त्यामुळे हे किती जड गेलं असेल ते कळतंय. पण मामा, मला कळून उपयोग नाही ना. माझ्यापुढे कबूल करणं सोपं आहे. मी तुझी भाची आहे, मी फार तर जेवणार नाही. लोक हसले ते त्या चौकात हसले. ते अजून हेच समजतायत की पोरींना एक रांगोळी धड पुरी करता आली नाही, मामाने केली, आणि वर पोरींनी नाटक केलं. शाळेत एका मुलीने मला विचारलं, टीचर, तुम्ही चीटिंग केली का? तिचा बाबा ‘अनुपम’मध्येच राहतो.

रविवारी सभा आहे. तिथे तू काय लिहिणार आहेस?

घरी यायचं की नाही ते मी त्यानंतर बघेन. रागावून नाही लिहीत. दमले आहे.

रुचिरा

०

चि. रुचिरा हिस मामाचे अ. उ. आ.

सभा काल सकाळी दहा वाजता तळमजल्याच्या खोलीत झाली. अकरा जण हजर होते. तू विचारलेस तेवढ्यापुरतेच सांगणार होतो, पण तुला सगळे कळणे योग्य आहे.

सामंतांनी ठरावाचा मसुदा तयारच आणला होता : कु. रुचिरा हिने सोसायटीची फसवणूक करून परवानगी मिळवली. सचिव म्हणून तो इतिवृत्तात उतरवण्याचे काम माझे. मी तुझा अर्ज वाचून दाखवला. ठिपक्यांची रांगोळी, असे त्यात लिहिले आहे. आवारात तीनशे एकतीस ठिपके होते, आणि ती रांगोळी होती. जोडण्याचा शब्द अर्जात नाही. तो मी मनाने घातला. अर्ज खरा आहे, म्हणून ‘फसवणूक’ हा शब्द माझ्या हाताने लिहिला जाणार नाही, असे मी सांगितले. मग जे तुला आठ तारखेला लिहिले तेच त्यांच्यासमोर सांगितले. तीन पाकळ्यांपर्यंत काय, आणि त्यांच्यापुढे काय. सामंतांना त्यांचा ‘झकास’ही सांगितला. ते म्हणाले, माझा काय संबंध?

खोलीत बराच गोंधळ झाला. सामंत मोठ्या आवाजात म्हणाले की आपल्याकडे मुले मेली तेव्हा तुमच्या भाचीचे ठिपके कुठे गेले होते? रुचिरा, हा प्रश्न मला अगदी टाकाऊ वाटला नाही. मी म्हणालो, त्यांच्यासाठीही ठेवू. आपण अर्ज द्या, मी आत्ता सही करतो, आणि ठेवायलाही मी येतो. त्यांनी अर्ज दिला नाही. दुसऱ्या कोणीही दिला नाही. धवल, तो वरच्या मजल्यावरचा, म्हणाला की काका, तुम्हाला या वयात हे सगळं कशाला? नीलमताई, ज्या सभेत कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या की त्या मुलीने नावे वाचली ती मी ऐकली आहेत, आणि मला ती ऐकली नाहीत असे आता करता येत नाही. एवढे बोलून त्या खाली बसल्या.

निकाल सांगतो. ‘फसवणूक’ हा शब्द गळाला. आवारात यापुढे समितीने दिलेल्या विषयाखेरीज रांगोळी काढू नये, हा ठराव आठ विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. तीन म्हणजे नीलमताई, तुझी मामी आणि मी. सचिवपदावरून मला दूर करण्याचा ठरावही मंजूर झाला, त्यावर मी मत दिले नाही. दोन्ही ठराव मीच स्वच्छ अक्षरात लिहिले आणि वही सामंतांच्या हवाली केली. जिना चढताना मामी म्हणाली, अकरा वर्षांनी मला नवरा परत मिळाला, आता त्याचं करू काय? तेव्हा माझ्याविषयी वाईट वाटून घेऊ नकोस.

जे गेले ते परत मिळालेले नाही, याची मला जाणीव आहे. चौकात लोक हसले, आणि मी बोललो ते अकरा जणांत. बरोबरी झालेली नाही. म्हणून आज सकाळी इतिवृत्ताची प्रत मी सोसायटीच्या सूचनाफलकावर लावली. नवे सचिव ती काढतीलही. आतापर्यंत सोळा जणांनी वाचली आहे. तुला चीटिंगचे विचारणाऱ्या मुलीचे वडील त्यांत आहेत.

आता माझे एक काम आहे. आवार सोसायटीचे; पण आपल्या दाराचा उंबरठा आवारात मोडत नाही. उपविधी मी तपासले. तिथे मामी रोज रांगोळी काढते. तिने रविवारची सकाळ मला द्यायचे कबूल केले आहे. अट अशी की मी तिला कशी सारवायची ते शिकवू नये. यादी मी छापून आणली. त्या सगळ्या शून्यांपैकी उंबरठ्यापाशी फार तर एकवीस ठिपके मावतील. तेवढेच ठेवावेत, आणि पुढच्या रविवारी पुढचे.

रविवारपर्यंत थांबवले नाही, म्हणून आज सकाळीच मी पहिले नाव घेऊन बसलो. डबा उघडला, चिमूट घेतली, आणि मला नाव वाचता आले नाही. इंग्रजीतली दोन अक्षरे जोडून आहेत, तिथे ग म्हणावे की घ, मला कळेना. मी ग म्हणून पाहिले. घ म्हणून पाहिले. बाळाला त्याच्या आईने जी हाक मारली असेल ती या दोन्हींपैकी एक आहे, किंवा दोन्ही नाहीत. चुकीचे नाव घेऊन ठिपका ठेवला तर तो दुसऱ्याच कुणाचा होईल. मी चिमूट डब्यात परत सोडली. उंबरठा सारवलेला आणि कोरा आहे. मामी तो ओलांडून ये-जा करते.

जान्हवीने नावे कशी वाचली, ते तू ऐकले आहेस. तेव्हा येत्या रविवारी, वीस तारखेला, सकाळी सात वाजता तू यावेस, ही विनंती. मुक्कामाला ये असे म्हणत नाही; बॅग आणू नकोस. तू नाव वाच, मी ठिपका ठेवीन. यायचे नसेल तर फोनवर वाच. मामीचा नंबर तू कधीच बंद केला नव्हतास आणि तुम्ही रोज बोलता, हे मला आजच कळले. पण फोनपेक्षा तू समोर असलेली बरी. माझ्या हाताला दोन ठिपक्यांमधून रेष ओढायची सवय पन्नास वर्षांची आहे. ती एका सभेने जाणार नाही. कोणीतरी हात धरायला हवा.

तुझा मामा,
श्यामसुंदर वासुदेव धुरी
मुलुंड (पूर्व), दि. १४ एप्रिल २०२५